मजीदभाऊचे एकोणीस बुधवार

मागच्या महिन्यात तालुक्याच्या गावी शांततेवर एक सभा झाली. पंचायत समितीच्या सभागृहात, पंख्याखाली. वजनमापे निरीक्षक म्हणून या भागातले सगळे आठवडी बाजार मी पायाखाली घातले आहेत, म्हणून मलाही बोलावणं होतं. शहरातून आलेले एक वक्ते माइक हातात घेऊन म्हणाले, "या जंगलात दोन्ही बाजूंना एका गोष्टीवर आणण्याचा प्रयत्न आजवर कोणी केलाच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आलो. इतका संतापलो होतो, की स्वतःच्या चपला समोर असून दिसेनात.

वक्त्यांना माहीत नसेल, तर ते परगावचे. पण त्या सभागृहात निम्मे लोक आमच्या भागातले होते. जिथे हा प्रयत्न झाला तो बाजार तिथून बसने अडीच तासांवर आहे. एकानेही हात वर करून सांगितलं नाही, की एका माणसाने हे केलं होतं, आणि ते एकोणीस आठवडे टिकलं होतं. मीही सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

तो माणूस म्हणजे मजीदभाऊ मणियार. बांगड्या भरण्याचा धंदा. मूळचा पोंभुर्ण्याकडचा. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी बांधून आठवड्याचे पाच बाजार करायचा, आणि त्यातला सगळ्यात आतला बाजार बुधवारचा. डांबरी सडक संपल्यावर नऊ किलोमीटर मुरमाची वाट, मग नाला, मग मोहाच्या झाडांखाली बाजार. पावसाळ्यात नाला भरला की पेटी डोक्यावर आणि सायकल दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर. ज्याच्या खांद्यावर सायकल, त्यालाच वर शिव्या, की "हांडल वाकडं करशील तं तुया बापाले नवी मांगीन."

भांडणं मिटवणारा माणूस शांत, गोडबोल्या, हात जोडून उभा राहणारा असतो अशी आपली समजूत असते. मजीदभाऊ तसा नव्हता. तो चिडका होता. सतत कुरकुरायचा. ऊन असलं तर उन्हावर, सावली असली तर सावलीत येऊन बसणाऱ्या कुत्र्यांवर. वनखात्याच्या माणसांवर, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या मुनशीवर, पुढाऱ्यांवर, आपल्या जावयावर. माझ्यावर तर पहिल्याच भेटीत. मी तराजू तपासत तपासत त्याच्या पालापाशी आलो, तेव्हा तो बसल्या जागेवरून म्हणाला, "या साहेब. बांगडी मापाचं माप कोनतं हाय तुमच्यापाशी?"

मी म्हटलं, "बांगडी माझ्या कायद्यात येत नाही."

"मंग कायदा बायकायनं नाई केला म्हना."

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्या दिवसापासून मी 'वजनवाले साहेब' झालो. जे काही वजनात येत नाही ते सगळं मला ऐकवणं हा त्याचा दर बुधवारचा उद्योग झाला.

त्याच्याकडे माप होतंच. कोणत्या बाईचा हात दोन-चारचा, कोणाचा दोन-सहाचा, हे त्याला हात न बघता पाठ होतं. पाच बाजारांतल्या, किती तरी गावांतल्या बायका. नावं तो विसरायचा, हात विसरायचा नाही. "थे नाल्यापलीकडची, दोन-चारची, अंगठ्याचं हाड मोठं," असं तो बोलायचा. काचेची बांगडी चढवताना तो पंजा दाबून लहान करायचा, हाडावरून बांगडी सरकवायची वेळ आली की मुद्दाम काही तरी प्रश्न विचारायचा. बाई उत्तर देण्यात गुंतली की बांगडी पार. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "बांगडी चढतानी मानूस खोटं बोलत नाई साहेब. खोटं बोलाले ध्यान लागते, आन ध्यान तं हाताकडे असते."

त्यामुळे त्याला सगळं माहीत असायचं. कोणाच्या घरी कोण जेवून गेलं, कोणाला चौकीवर बोलावलं, कोणाचा मुलगा दादालोकांबरोबर जंगलात गेला. दादालोक म्हणजे बंदुका घेऊन जंगलात राहणारे. आमच्याकडे तेव्हा कोणी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. त्यांच्याबद्दल किंवा पोलिसांबद्दल विचारलं की मजीदभाऊ म्हणायचा, "मी फक्त हात पाह्यतो." एका बाईचं बोलणं त्याने दुसरीला सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. कुरकुरीत त्याने कोणालाही सोडलं नाही, पण चहाडीत त्याने कोणालाही घेतलं नाही. हा फरक त्या बाजारातल्या लहान पोरीलाही कळत होता. नंतर मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना कळला नाही.

एका बुधवारी दुपारी बाजारात गोळी चालली. पोलीस कोणाला तरी धरायला साध्या कपड्यांत आले होते, दादालोकांपैकी कोणी तरी तिखट-मीठ घ्यायला आलं होतं. दोन्हीकडून बंदुका निघाल्या. मी मिठाच्या दुकानापाशी होतो, मजीदभाऊच्या पालापासून साधारण चाळीस पावलांवर. मजुरीला आलेली एक बाई त्याच्यासमोर बसली होती. तिचा हात त्याच्या हातात होता. तिला गोळी लागली आणि ती तशीच त्याच्या अंगावर पडली.

पुढच्या दिवसांत दोन्ही बाजूंनी एकच काम केलं. पोलिसांनी सांगितलं, गोळी दादालोकांची. दादालोकांनी झाडांवर चिठ्ठ्या लावल्या, गोळी पोलिसांची. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने माझ्याकडून अंतरं विचारून घेतली, मी ती पावलांत दिली. मग त्याने मजीदभाऊला विचारलं. मजीदभाऊ म्हणाला, "तीन बांगड्या चढल्या होत्या. चवथी हाडावर होती. गोळी कोनाची थे तुमी दोघं मिळून ठरवा. मले फक्त एवढं सांगा का बाजार कोनाचा हाय?"

अधिकाऱ्याने हे लिहून घेतलं नाही. जबाबात बसणारं नव्हतं.

बाजार बंद पडला. शहरात राहणाऱ्याला बाजार बंद म्हणजे काय ते समजणार नाही. त्या गावांना मीठ, रॉकेल, तापाच्या गोळ्या, सगळं त्या एका दिवशी मिळायचं. आता मिठासाठी बायका बावीस किलोमीटर चालून दुसऱ्या बाजाराला जाऊ लागल्या. वाटेत पोलीस अडवत: मीठ इतकं कोणासाठी? घरी आल्यावर रात्री दादालोक विचारत: चौकीवर काय सांगितलंस? मैनीबाई नावाच्या एका गोंड बाईला एका आठवड्यात दोघांनीही हेच विचारलं. तिचा मोठा मुलगा जंगलात होता, हे तिच्या गावाला माहीत होतं, पोलिसांना नव्हतं. धाकटा लालसू घरी शेती करायचा.

मैनीबाईने हे मजीदभाऊला सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याने एकच मागणी धरली. बुधवार. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत नाल्याच्या अलीकडे, म्हणजे बाजाराच्या अंगाला, कोणाचीही बंदूक नको. पोलिसांची नको, जंगलातल्यांची नको. यायचं असेल त्याने रिकाम्या हाताने यावं, भाजी घ्यावी, जावं. बस इतकंच. बाकीचे सहा दिवस तुमचे.

मैनीबाई हे बोलणं आत, जंगलात, घेऊन गेली. मजीदभाऊ चौकीवर गेला. तिथला फौजदार तरुण होता, कोल्हापूरकडून आलेला, घाबरलेला. मजीदभाऊने त्याला सांगितलेलं मी स्वतः ऐकलं, कारण तराजूंच्या जप्तीचा एक कागद घेऊन मी तिथे बसलो होतो.

"मियां, तुला त्यांनी पाठवलं काय?" फौजदाराने विचारलं.

"मले माया पोटानं पाठवलं. पाच आठवडे झाले, बुधवारची पेटी उघडली नाई."

"आणि ते बंदुका घेऊन आले तर? मी काय भाजी निवडत बसू?"

"थे बी हेच विचारून राह्यले, साहेब. का पोलीस आले तं आमी का करू? तुमचं दोघायचं डोकं एकाच कुंभारानं घडवलं दिसते."

फौजदाराला राग यायला हवा होता. तो हसला. त्याचीही माणसं पाच आठवडे डाळ-भातावर होती. तो म्हणाला, "लेखी काही देणार नाही."

"मांगतलं कोनं? कागद करान तं मी बसतच नाई. कागद वर जाते साहेब, आन वरून जे खाली येते थे कधीच कागदावानी नसते."

सहा वेळा मैनीबाई आत गेली, सहा वेळा मजीदभाऊ चौकीवर गेला. दोन्हीकडे दोघं तेच शब्द सांगत. गोड करून नाही, कमीजास्त करून नाही. जंगलातून निरोप आला, "पोलिसांच्या शब्दावर आम्ही थुंकतो." मजीदभाऊने चौकीत जसाच्या तसा सांगितला, "थुंकतो म्हनले. पन येतो बी म्हनले." आणि एका बुधवारी बाजार भरला. कोणी भाषण केलं नाही, नारळ फोडला नाही. मजीदभाऊ सगळ्यांच्या आधी जाऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येकावर उशीर झाला म्हणून ओरडला.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. भज्यांच्या गाडीपुढे रांग होती. त्यात चौकीवरचा एक शिपाई होता, लुंगी-बनियनमध्ये, आणि त्याच्या मागे दोन माणसं सोडून एक तरुण, ज्याच्या खांद्यावर बंदुकीच्या पट्ट्याचा वण होता. सगळा बाजार त्या दोघांना ओळखत होता. ते दोघंही एकमेकांना ओळखत होते. भजी संपत आली. शिपायाने उरलेली सगळी मागितली. मागून तो तरुण म्हणाला, "अर्धी द्या."

मधली दोन माणसं बाजूला सरकली. मजीदभाऊ आपल्या पालातून ओरडला, "अरे, भज्यावरून मराल तं लोकायले का सांगू? पुन्हा घाल रे घाना. आन तुमी दोघं इकडं या."

दोघं खरंच आले. त्याने शिपायाला विचारलं, बायकोचा हात केवढा? त्याला सांगता येईना. तरुणाला विचारलं, बहिणीचा? त्यालाही नाही. मजीदभाऊ म्हणाला, "पन्नास कदमावरून मानूस टिपता, आन घरच्या बाईचा हात मालूम नाई. जा, मापून आना." पुढच्या बुधवारी शिपाई सुतळीचा तुकडा घेऊन आला. तरुण आला नाही, पण त्याने पाठवलेली सुतळी मैनीबाईच्या पदराला बांधलेली होती. दोन्ही सुतळ्या मजीदभाऊने पाहिल्या आणि म्हणाला, "दोन-चार. दोन-चार. जा."

असे एकोणीस बुधवार झाले. मी दर बुधवारी तिथे होतो, वहीत तारखेखाली बाजाराची वेळ लिहिली आहे. एकदाही गोळी चालली नाही. मजीदभाऊ आता गुरुवार मागायचं म्हणत होता. "पह्यले बुधवार टिकवला, आता गुरुवार मांगू. मंग आमच्या पाचही बाजारात असंच करू. असा एक-एक दिवस मांगत गेलं तं मी मरेपर्यंत आठवडा होऊन जाते." तो हे हसण्यावारी बोलत नव्हता. आत निरोप गेलाही होता, आणि आतून नकार आला नव्हता.

याच दरम्यान जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत ही गोष्ट गेली. ते शिकलेले, हुशार, आणि माझ्या मते हेतूने वाईट नव्हते. हे मी त्यांच्या बाजूने लिहीत नाही. वाईट हेतूशिवाय माणूस किती नुकसान करू शकतो ते मला माहीत आहे म्हणून लिहितो. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, पाचही बाजारांत हे करू, वरून मंजुरी आणतो, पण तोंडी गोष्टीवर मंजुरी मिळत नाही. गावकऱ्यांची बैठक घ्या, कोण कोण हमी घेतं ते लिहा, मी स्वतः सही करतो. तुम्ही तिथे जाता, तुमचं काम चोख आहे, तुम्हीच टिपण करा.

मजीदभाऊने ऐकताक्षणी नाही म्हटलं. "नाव नाई द्याचं साहेब. एकाचं बी नाई."

मी त्याच्याशी दोन बुधवार वाद घातला. मी म्हटलं, नाव नसलेला करार ही अफवा असते. उद्या हा फौजदार बदलून जाईल, नवा येईल, तो म्हणेल कसला बुधवार? साहेबांची सही असली तर नव्याला मानावं लागेल. माझं म्हणणं आजही मला चुकीचं वाटत नाही. तो शेवटी म्हणाला, "तुमी मापात मारत नाई, हरामाचं खात नाई, म्हनून ऐकतो. तुमच्या हातानं लिहान तं लिहा." त्या माणसाने आयुष्यात दुसऱ्या कोणाचं इतकं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

बैठक मोहाखाली झाली. चौदा घरांतली माणसं हमी घ्यायला बसली. मी यादी केली. आता मी जे केलं ते सरळ सांगतो. आमच्या नोकरीत यादी करायची एक सवय असते: अनुक्रमांक, नाव, गाव, घरातील एकूण माणसं, त्यापैकी हजर, गैरहजर. कोणी मला ते रकाने आखायला सांगितले नव्हते. मीच पट्टी घेऊन आखले. प्रत्येकाला विचारलं, घरात माणसं किती, आज घरी किती. त्यांनी मला खरं सांगितलं, कारण मी मजीदभाऊबरोबर आलेला माणूस होतो. सहाव्या क्रमांकावर मैनीबाई. एकूण चार, हजर तीन, गैरहजर एक.

मजीदभाऊला उर्दू वाचता यायची, मराठी नाही. तो म्हणाला, वाचून दाखवा. मी चौदा नावं वाचून दाखवली. रकाने वाचले नाहीत. रकाने काय वाचायचे, असं वाटलं.

ती यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावरून पुढे कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. साहेब म्हणाले, एक प्रत संबंधितांना द्यावीच लागते. एकोणिसाव्या बुधवारनंतरच्या गुरुवारी, पहाटे, मोठी तुकडी आली. बाहेरची, आमच्या फौजदारालाही आदल्या रात्रीपर्यंत कळवलं नव्हतं. चौदा घरांपैकी तीनच घरांवर गेली. ज्यांच्यापुढे गैरहजरच्या रकान्यात आकडा होता ती तीन. दोन घरांतली गैरहजर माणसं मजुरीला गेलेली निघाली, तिथल्या बाकीच्यांना मारहाण करून सोडलं. मैनीबाईच्या घरातून लालसूला नेलं. भाऊ कुठे आहे ते सांगत नाही, म्हणून दादालोकांना मदत करण्याचा गुन्हा.

मी साहेबांकडे गेलो. ओरडायला गेलो होतो, विचारून आलो. ते म्हणाले, "तुमचा करार बुधवारचा होता ना? आमची माणसं गुरुवारी गेली. बुधवारी नाल्याच्या अलीकडे एकही हत्यार गेलं नाही. तपासून पाहा." हिशोब बरोबर होता. हिशोब बरोबर असला की माणसं समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. तेही बघत होते. मी आयुष्यभर बरोबर हिशोबाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस, त्या खोलीत मला पहिल्यांदा बरोबर हिशोबाचा तिरस्कार वाटला.

विसावा बुधवार भरला नाही. दादालोकांची चिठ्ठी लागली होती: बाजार बंद, मणियार खबऱ्या.

चार दिवसांनी मजीदभाऊ माझ्या घरी आला. चंद्रपूरला, भर दुपारी, सायकलवर नाही, बसने. बायकोने पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. बसलाही नाही.

"त्या कागदात नावं सोडून का होतं?"

माझ्याकडे नक्कल होती. मी वाचली. या वेळी रकान्यांसकट. सहाव्या क्रमांकावर थांबलो नाही, चौदाही वाचले.

तो म्हणाला, "साहेब, तुमी बेइमान असते तं बरं झालं असतं. बेइमान मानूस अर्धा कागद कोरा ठेवते."

मी म्हटलं, "मला कल्पना नव्हती."

"तुमाले कल्पना नसते. तुमाले आकडा असते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चला मायासंग. मैनीबाईपुढे उभे राहा, गावापुढे राहा, आन सांगा का हे रकाने मीनं पाडले. मायासाठी नाई. मले खबऱ्या म्हनून राह्यले तं म्हनू द्या. पन तिच्या दारात मले पाय ठेवता आला नाई तं निरोप आत कोन नेईन? पुन्हा बुधवार कोन मांगन?"

मी काय उत्तर दिलं ते लिहायला हवं. मी म्हटलं, "मी लिहून देतो. सही-शिक्क्यानिशी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की दारात उभी असलेली माझी बायको आत निघून गेली.

"पुन्हा कागद?" तो म्हणाला, आणि गेला. मी दोन मुलींचा बाप, सरकारी नोकर, वगैरे वगैरे. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. आता त्यातलं एकही वजनाला पुरत नाही.

तो एकटाच गावात गेला. दादालोकांनी लोकांपुढे त्याला उभं केलं. मैनीबाई मध्ये पडली म्हणून जीव वाचला. पेटी फोडली, सायकल नाल्यात टाकली, आणि पाचही बाजारांत पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. तिथून परतताना पोलिसांनी धरला. दादालोकांना भेटून आला, म्हणून. अकरा दिवस ठेवला. आमच्या भागात त्या दोन बाजूंनी एकमताने केलेली एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे: मजीदभाऊला झोडपलं. एकाही बाजूला त्याची लाज वाटलेली मी पाहिली नाही. दोन्हीकडे नंतर शांततेची पत्रकं निघाली. दोन्ही पत्रकं मी वाचली आहेत. दोन्हीत 'जनता' हा शब्द आहे, 'मीठ' हा शब्द नाही.

लालसूचा खटला उभा राहिला तेव्हा मला सरकारी साक्षीदार म्हणून समन्स आलं. मी ठरवून गेलो होतो, की यादी शांततेसाठी होती, गैरहजर म्हणजे मजुरीला गेलेलाही असू शकतो, हे सगळं सांगायचं. सरकारी वकिलाने दोनच प्रश्न विचारले. "हे अक्षर तुमचं?" मी हो म्हटलं. "यातली माहिती बरोबर आहे?"

मागच्या बाकावर मैनीबाई बसली होती, तिच्या शेजारी मजीदभाऊ. एक हात गळ्यात बांधलेला.

मी म्हटलं, "बरोबर आहे, पण..."

"पण नको," वकील म्हणाला. "बरोबर आहे, इतकं पुरे." लालसूच्या वकिलाने मला काहीच विचारलं नाही. त्याने कागदपत्रं वाचलीच नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मी खांबापाशी उभा राहिलो. मजीदभाऊ समोरून येत होता. तो मला शिवी देईल असं वाटलं, आणि खरं सांगतो, देईल तर बरं असं वाटलं. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. आमच्या भागात नुकताच बदलून आलेला नवा फौजदार एका तारखेसाठी तिथे आला होता, त्याला मजीदभाऊने गाठलं.

"साहेब, मी मजीद मनियार. बुधवारचा बाजार चालू करा."

नव्या फौजदाराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुलाच ना आत टाकला होता?"

"टाकला होता. थे झालं. दिवसभर जमत नाई तं अर्धा दिवस द्या. अर्धा नाई तं दोन घंटे द्या. नाल्याच्या अलीकडं बंदूक नाई, बस. मीठ घेतीन आन घरी जातीन लोक."

"आणि समोरच्यांचं काय?"

मजीदभाऊने मागे मैनीबाईकडे बोट केलं. मैनीबाई म्हणाली, "मी जातो." एवढंच मराठी ती बोलली. तिचा एक मुलगा जंगलात, एक तुरुंगात, आणि ती म्हणाली, मी जातो.

फौजदार म्हणाला, "लेखी अर्ज द्या, बघतो."

तेव्हा मजीदभाऊने व्हरांड्यात नजर फिरवली आणि त्याला मी दिसलो. तो सरळ माझ्याकडे आला. "कागद हाय?" मी बॅगेतून काढला. "लिहा. मी सांगतो तेवढंच. एक अक्षर वरचं नाई."

मी खांबाला कागद टेकवून लिहिलं. बुधवारी दोन तास बाजार भरू द्यावा. त्या वेळात नाल्याच्या अलीकडे कोणी बंदूक आणू नये. दोन वाक्यं. खाली कोणाचं नाव लिहायचं ते मी विचारलं. तो म्हणाला, "मायं. एकट्याचं." त्याने उर्दूत सही केली, फुटक्या चष्म्यातून कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. त्याला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

मग तो फौजदाराच्या मागे गेला. फौजदार जीपमध्ये बसत होता. मजीदभाऊने कागद आत सरकवला, त्याच एका हाताने दार धरलं आणि बोलू लागला. जीप सुरू झाली तरी तो बोलत होता. चार-पाच पावलं जीपबरोबर चालला, मग पळायला लागला, आणि दार त्याने सोडलं नव्हतं.